मुलांना एकटे सोडण्याचा व्यवसाय

विद्यार्थी वळणावरून दिसेनासा झाला की माझे काम पूर्ण होते. असे व्यवसाय फारसे नसावेत. सुताराला कपाट उभे राहिलेले दिसते, डॉक्टरला रुग्ण चालत घरी गेलेला दिसतो. मला जे साधायचे असते ते मात्र माझ्या नजरेआड घडावे लागते. या अंकाच्या संपादिकांनी माझ्या कामाविषयी लिहायला सांगितले, तेव्हा प्रत्यक्ष पाहिलेले असे माझ्याजवळ फार थोडे आहे, हे मी त्यांना प्रामाणिकपणे कळवले. त्यांनी तो विनय समजला. तो विनय नव्हता.

शाळा, क्लास, वाण्याचे दुकान, मित्राचे घर अशा रोजच्या फेऱ्या मुलांनी सायकलने कराव्यात, यासाठी मी त्यांना तयार करते. मुलुंड पूर्वेला राहते आणि बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत जिथे बोलावतील तिथे जाते. 'मी सायकल शिकवते' असे सांगण्याचे मी टाळते, कारण मग लोक माझ्याकडे आपादमस्तक पाहतात आणि विषय बदलतात.

त्यांचे चुकत नाही. नोकरीची सारी वर्षे मी एका विमा कंपनीच्या कचेरीत पॉलिसीच्या अटी इंग्रजीतून मराठीत आणण्यात घालवली. 'पुढील परिस्थितीत कंपनी जबाबदार राहणार नाही' हे वाक्य माझ्या हातून जितक्या सफाईने उतरते, तितक्या सफाईने दुसरे काही उतरत नाही. माणसाला काय काय होऊ शकते याची इतकी तपशीलवार माहिती असलेली बाई सायकलवर बसण्याची शक्यता कमीच असते. शिवाय आमच्या घरी सायकल एकच होती आणि ती भावाची होती. मला कॅरिअरवर मागे बसण्याचा तेवढा दीर्घ अनुभव होता. स्वतः सायकल चालवायला मी शिकले ती पन्नाशी उलटल्यावर, आमच्या इमारतीमागच्या बंद गल्लीत, पहाटे, कोणी पाहू नये म्हणून. पहाटे उठणारे लोक अतिशय चौकस असतात, हे मला तेव्हा कळले. दूध टाकणारा रोज थांबून सांगायचा, "ताई, समोर बघा. चाक कुठे पळून नाय जात."

मी नोकरी सोडली त्याच सुमारास मुलांच्या सायकलींसाठी धडपडणारी एक छोटी संस्था प्रशिक्षक शोधत होती. ती चालवणारा मंदार हा तिशीतला उत्साही गृहस्थ मला भेटायला आला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "मॅडम, तुम्ही परफेक्ट आहात."

"मला अजून नीट येत नाही," मी म्हटले. "चढावर उतरावे लागते."

"तेच तर! आमचे बाकीचे ट्रेनर लेह-लडाख करून आलेत. ते टाइट कपडे, ते गॉगल! आया घाबरतात ना त्यांना बघून. तुम्हाला बघून वाटेल, ह्यांना जमतं, तर आपल्या पोराला काय धाड भरलीय!"

आयुष्यात प्रथमच माझी निवड माझ्या गुणवत्तेच्या अभावामुळे झाली, आणि ती निवड आजवर टिकून आहे.

बाहेरच्यांना या कामाची कल्पना नसते, म्हणून थोडे सांगते. तोल सांभाळणे हा भाग सर्वांत सोपा. तो मुले आपापसात, आम्हाला न विचारता शिकतात. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले सोसायटीच्या आवारात दोन्ही हात सोडून सायकल चालवणारी असतात. त्यांना फक्त मागे बघता येत नाही. खांद्यावरून मागे नजर टाकली की हँडलही तिकडेच वळते आणि सायकल रस्त्याच्या मध्यभागी जाते. तेव्हा हँडल सरळ ठेवून मान वळवणे हा पहिला धडा. दुसरा धडा दाराचा. उभ्या असलेल्या गाडीपासून तिचे दार पूर्ण उघडेल इतके अंतर सोडून जायचे, आणि गाडीत माणूस दिसला तर त्याहून अधिक. आत बसलेला माणूस उतरणारच, आणि उतरताना मागे पाहणार नाही, असे गृहीत धरायचे. मग रिक्षावाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवणे, हात लांब करून वळण सांगणे, आणि मोठ्या चौकात सरळ उतरून सायकल हाताने नेणे. हा शेवटचा भाग मी विशेष अधिकाराने शिकवते.

एवढे झाले की खरा अभ्यासक्रम सुरू होतो. प्रथम मी पुढे आणि मूल मागे, मग मूल पुढे आणि मी मागे, मग मी आणखी मागे, आणखी मागे. शेवटच्या धड्याला शिक्षिका घरी बसते. मूल घरून निघते, काम करते, परत येते आणि मला फोन करते. पालकांना मी हे सांगते तेव्हा ते फी कशाची घेता, अशा अर्थाने माझ्याकडे पाहतात.

मुलांविषयी माझी फारशी तक्रार नाही. पालकांविषयीही नाही, कारण मी तक्रार करणाऱ्यांपैकी नव्हे. पण निरीक्षणे आहेत.

घाटकोपरच्या एका सोसायटीत चिटणिसांनी मला लिफ्टजवळची सूचना दाखवली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी आवारात सायकल चालवण्यास मनाई होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी फाटकाबाहेर सायकल नेण्यासही मनाई होती.

"मग मुलांनी सायकल चालवायची कुठे?" मी शक्य तितक्या नम्रपणे विचारले.

"तुम्ही सांगा ना मॅडम. तुम्ही एक्सपर्ट," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गेल्या वर्षी माझ्या नव्या गाडीवर हा एवढा ओरखडा. हेडलाइटपासून दारापर्यंत. कोणाच्या पोराने केला, माहितीय मला. नाव नाही घेत."

ते स्वतः रोज सकाळी सोसायटीच्या व्यायामशाळेत सायकल चालवत. ती सायकल जमिनीला पक्की केलेली होती आणि खिडकीतून तिला मनाई असलेला रस्ता दिसत असे.

बोरिवलीला एक आई मुलाला माझ्याकडे गाडीतून आणत असे. सायकल मागून टेम्पोने येई. अथर्व सहावीतला, चुणचुणीत. शेवटच्या धड्यासाठी त्याला काहीतरी काम द्या, असे मी सुचवले आणि तिथेच अडले. मुलाला देण्यासारखे काम त्या घरात नव्हते. पूर्वी लिंबे संपत, कोथिंबीर राहून जाई. आता दहा मिनिटांत सारे दारात येते. आणणारा मुलगा मोटारसायकलवरून उलट्या बाजूने येतो, ही गोष्ट वेगळी. अखेर मी आईला म्हटले, "एवढी एक कोथिंबीर विसरा." त्या माऊलीने कसोशीने प्रयत्न केला. अथर्व निघाला, नियमाप्रमाणे उभ्या गाड्यांपासून दूर, चौकात उतरून, जुडी घेऊन व्यवस्थित परतला. खाली लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर एक मोटारसायकलवाला मुलगा चढला. दोघे एकाच दारासमोर थांबले. आईचा धीर मध्येच सुटला होता आणि तिने कोथिंबीर मागवली होती.

"टीचर, आता दोन जुड्या झाल्या," अथर्वने फोनवर सांगितले. "आई म्हणते, वड्या करू."

असे बरेच विद्यार्थी झाले. त्यांतले बहुतेक पुढे सोळा वर्षांचे झाले आणि स्कूटरवर बसले. रस्त्यात दिसले की हॉर्न वाजवून ओळख देतात. मी दचकते आणि हसते. शिकवलेले वाया गेले असे मी म्हणत नाही. दारापासून अंतर ठेवून जातात, इतके मी पाहिले आहे. तरी त्या हॉर्नने मनात थोडे काहीतरी उणे होते, हे मान्य केले पाहिजे.

या साऱ्यांत एकच प्रकरण असे आहे की ज्याचा शेवटचा धडा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. नियमाने तो मी पाहायला नको होता.

संघमित्रा नववीत होती. घरात तिला मित्रा म्हणत. आई एका रुग्णालयात परिचारिका, वडील ट्रॉम्बेकडच्या एका कारखान्यात पाळीवर, आणि वडिलांचे वडील आप्पा, जालन्याहून तरुणपणी आलेले आणि निवृत्त होईपर्यंत ट्रक चालवलेले. राहायला आमच्याच नवघर रस्त्याच्या आतल्या गल्लीत. मित्रा लहानपणापासून तबला शिकत होती. सरांचा क्लास मिठागर रस्त्याच्या टोकाला; तिथवर वडील तिला स्कूटरवरून सोडत. मग वडिलांची पाळी बदलली आणि संध्याकाळ कारखान्याकडे गेली. आईची संध्याकाळ आधीच रुग्णालयाकडे होती. आप्पांचे गुडघे तिसऱ्या मजल्यावरूनच उतरायला तयार नसत. एवढ्या जवळच्या भाड्याला रिक्षावाले मान हलवून पुढे जातात, हे येथील रहिवाशांना सांगायला नको.

"महिनाअखेरपर्यंत काही जमलं तर ठीक," तिचे वडील मला म्हणाले. "नाहीतर क्लास बंद. दुसरा उपाय नाही."

नववीत बंद झालेला क्लास दहावीत सुरू होत नाही, आणि दहावीनंतर कोणाला आठवत नाही, हे त्या घरात सर्वांना कळत होते. त्यातून सरांनी तिला प्रथमच एका छोट्या बैठकीत गाण्याच्या साथीला बसवायचे ठरवले होते. मित्राने स्वतःच उपाय काढला होता: मामेभावाची जुनी सायकल. घरच्यांनी अट घातली की मी तिला तयार करावे, आणि एका संध्याकाळी ती संपूर्ण एकटी जाऊन पोचली तरच क्लास चालू राहील.

मी शिकवलेल्या मुलांत इतक्या लवकर मागे बघायला कोणी शिकले नसेल. इतरांना मी महिनाभर ओरडून सांगते, म्हणजे माझ्या परीने ओरडते, हिने एकदा ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे साथीला बसल्यासारखं ना टीचर? हात आपल्या जागी, आणि मान गाणाऱ्याकडे. हात हलला तर ठेका गेला." आणि नवघर रस्त्यावर खांद्यावरून मागे पाहत ती सुतासारखी सरळ गेली. मी तिच्या मागे होते. मी मात्र तिच्याकडे पाहता पाहता फुटपाथला टेकले.

परीक्षेचा मंगळवार ठरला. सोमवारी संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

"मॅडम, एक सांगायचं होतं. उद्या मी अर्धी रजा टाकलीय. लांबूनच येईन स्कूटरवरून, तिच्या मागे. तिला कळू देऊ नका हां. आणि घरीपण नको. हिला वाटतं मी उगाच घाबरतो."

'नाही' हा शब्द मला लिहिता येतो. तोंडावर उच्चारताना मात्र त्याचे 'हं' होते. मी "हं" म्हणाले आणि त्यांनी आभार मानले.

थोड्या वेळाने आईचा फोन आला. "मॅडम, मी उद्या ड्युटी बदलून घेतलीय. क्लासच्या अलीकडे मेडिकल आहे ना, तिथे उभी राहीन ओढणी बांधून. पाच मिनिटं फक्त. ह्यांना बोलू नका, हे म्हणतील विश्वास नाही का पोरीवर."

"हं," मी म्हणाले.

मंगळवारी सकाळी भाजी घेताना आप्पा साक्षात खाली उतरलेले दिसले. "मॅडम, तुम्ही चांगल्या आहात," ते म्हणाले. "पण रस्ता मी बघितलाय. नागपूर बघितलं, बेंगलोर बघितलं, मुलुंडसारखा वाईट रस्ता नाही. आज मी रिक्षा सांगितलीय. पोरीच्या मागे मागे. कोणाला बोलायचं नाही."

जिला क्लासला सोडायला घरात कोणालाच वेळ नव्हता म्हणून हा सारा खटाटोप, तिच्या मागे लपत जायला तिघांनाही वेळ मिळाला होता. हे मी आप्पांना सांगू शकले असते. मी "हं" म्हणाले.

त्या संध्याकाळी नियमाप्रमाणे मी घरी बसायचे होते. परंतु भाजी तर लागतेच, आणि सकाळी आप्पांशी बोलण्याच्या नादात माझी भेंडी राहिली होती. आणि तबल्याच्या क्लाससमोरच एक भाजीवाला बसतो. मी सायकल बाजूला लावून भेंडी निवडू लागले. इतकी सावकाश भेंडी मी पूर्वी कधी निवडली नव्हती.

मित्रा ठरल्या वेळेला आली. चौकाच्या अलीकडे उभ्या असलेल्या गाड्यांपासून तिने दाराहून जास्त अंतर ठेवले, मागे पाहिले, हात लांब केला, चौकात उतरून सायकल हाताने पलीकडे नेली, क्लासखाली कुलूप लावले आणि जिना चढून गेली. मी भेंडीकडे पाहिले. सारे इतके साधेपणाने झाले की त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. या व्यवसायात यापेक्षा मोठे समाधान नाही.

मग तिचे वडील आले. भर उकाड्यात अंगात जाडे जॅकेट, हेल्मेटची काच खाली, आणि स्कूटरचा वेग सायकलचा. त्यांच्या मागे अडकलेल्या रिक्षाचा हॉर्न अखंड चालू होता.

"ओ शेठ!" रिक्षावाला ओरडला. "वरात निघालीय का कुणाची? बाजूला घ्या ना गाडी!"

वडिलांनी रागाने मागे वळून पाहिले. मान वळली तसे हँडलही वळले. रिक्षात, चालकाच्या खांद्याआडून डोकावणारे आप्पा होते. तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या लाल गाडीचे दार उघडले.

वेग नव्हता, म्हणून फार लागले नाही. कोपर सोलवटले, स्कूटरचे हँडल वाकडे झाले आणि दिवा फुटला. औषधाच्या दुकानापासून तोंड बांधलेली एक बाई धावत आली आणि जखमी माणसाचा हात हातात घेऊन ओरडली, "अहो, तुम्ही? तुम्ही इथे काय करताय?"

"आप्पा," वडील बसल्या बसल्या म्हणाले, "तुम्ही रिक्षात कसे?"

"ते जाऊ दे. तू कामावर होतास ना?"

"आणि ही? ही पण ड्युटीवर होती ना!"

"मी… औषध घ्यायला आले होते," आई म्हणाली.

"दवाखान्यातली बाई औषध घ्यायला मिठागर रोडला?" आप्पा म्हणाले. "तोंड बांधून?"

तेवढ्यात तिघांना मी दिसले. "मॅडम, तुम्हीपण?"

"भेंडी," मी म्हणाले.

आईने तिथल्या तिथे कापूस आणून कोपर बांधले. स्कूटर समोरच्या गॅरेजात ठेवली. आणि मग, जखम बांधून होताच, निकाल लागला.

"बघितलं ना?" आप्पा म्हणाले. "रोज गाडी चालवणारा बाप्या पडतो. तिथे ही एवढीशी पोर काय टिकणार? मी सांगत होतो. बंद करा ते."

"खरंय," वडील म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "मॅडम, तुम्ही मेहनत घेतलीत. पण रस्ताच असा आहे. मीच पडलो म्हटल्यावर कसं पाठवायचं तिला?"

विमा कंपनीत असे दावे मी पुष्कळ पाहिले. सुरक्षारक्षक घसरून पडला, म्हणून तिजोरी असुरक्षित ठरवायची, असा तो युक्तिवाद होता. त्याचे खंडन मला मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत, पोटकलमांसह येत होते. प्रत्यक्षात मी म्हटले, "पण ती पोचली." बाजूने ट्रक गेला. मी पुन्हा म्हटले, "ती पोचली ना." वडील आणि आप्पा स्कूटरच्या हँडलविषयी बोलू लागले होते. आईने मात्र वळून माझ्याकडे पाहिले आणि मग वर, क्लासच्या खिडकीकडे. वरून एकसारखा ठेका ऐकू येत होता. त्यातला मित्राचा कोणता हे मला सांगता आले नसते. आईला बहुधा कळत होते.

क्लास सुटला. मित्रा उड्या मारत जिना उतरली आणि आम्हा चौघांना पाहून थांबली.

"बाबा! हात?"

"काही नाही गं. जरा…"

"लाल गाडीचं दार ना?"

वडील चमकले. "तुला कसं कळलं?"

"त्यात माणूस बसला होता. म्हणून मी लांबून घेतली सायकल. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, दाराकडे कोण बघणार?"

"म्हणजे मी मागे होतो, हे तुला…"

"गल्लीतून निघाले तेव्हाच. आपली स्कूटर आवाजावरून कळते, बाबा. आजोबांची टोपी पण दिसली रिक्षात. आई तेवढी नाही दिसली." ती थांबली. ती चिडून ओरडेल असे मला वाटले होते. पण तिचा आवाज उलट बारीक झाला. "मला सोडायला कोणालाच वेळ नव्हता ना?"

 भाजीवाला भेंडीवर पाणी शिंपडायचा थांबला होता.

"आणि आता बाबा पडले, म्हणून माझा क्लास बंद. हो ना?"

"मित्रा, आपण घरी जाऊन बोलू," वडील म्हणाले.

घरी जायचे तर रिक्षाने. आप्पांची रिक्षा थांबलेलीच होती. वडील बसले, आप्पा बसले. "सायकल राहू दे इथेच," आप्पा मित्राला म्हणाले. "ये, मध्ये बस. तुझी आई बसेल कडेला."

"चौथी सवारी नाय हां, काका," रिक्षावाला म्हणाला. "पावती फाडतात. मघाशी एकतर तुमच्या वरातीपायी माझी वाट लागलीय."

"लेकरू आहे रे ते."

"लेकरू माझ्याहून उंच आहे."

हे खरे होते. बहुतेक तिच्या घरच्यांच्या ते प्रथमच लक्षात येत असावे, कारण दोघेही तिच्याकडे खालून वर पाहू लागले. मित्रा सायकलचे कुलूप हातात धरून उभी होती. हा निर्णय आता कोण घेणार, याची वाट पाहत सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि सवयीने माझ्याकडेही.

आईने पर्स उघडली. आतून घराची किल्ली काढली आणि मुलीच्या हातात दिली.

"घे. तू आधी पोचशील."

"अगं, काळोख पडतोय," आप्पा म्हणाले.

"दिवा आहे तिच्या सायकलला. तुमच्या पोराच्या स्कूटरला नाही उरलेला." आई रिक्षात बसली. "जा गं. कुकर लाव गेल्यावर."

 मित्राने किल्ली मुठीत धरली, मग दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन दोनदा ओढून पाहिली. सायकल हाताने चौकापलीकडे नेली, मागे पाहिले (आमच्याकडे नव्हे, येणाऱ्या गाड्यांकडे) आणि बसली. वळणावरून दिसेनाशी झाली.

आप्पा रिक्षातून बाहेर वाकले. "मॅडम, तुम्ही तरी जा हिच्या मागून. एवढं करा."

"आजोबा," मी म्हणाले, "मला तिला गाठता यायचं नाही."

ही नम्रता नव्हे, वस्तुस्थिती होती. त्यांना ती पटली.

रिक्षा सुटली. माझाही रस्ता तोच, आणि माझा वेग कोणालाच मागे टाकण्याचा नाही. तरी नवघर रस्त्याच्या नाक्यावर ती रिक्षा मला पुन्हा सापडली. पुढे पाण्याचा टँकर आडवा लागला होता आणि हॉर्न वाजत होते. शेजारून तसेच निघून जाणे मला अशिष्ट वाटले, म्हणून मी फुटपाथला पाय टेकून थांबले.  आत आई हातातल्या फोनकडे पाहत होती.

फोन वाजला.

"कोणाचा आहे?" आप्पांनी विचारले.

आईने फोन त्यांच्यापुढे धरला. "तुमचा."

"माझा कसा? मी तर इथे आहे." आप्पांनी खिसे चाचपले. घाईत फोन घरी राहिला होता.

आईने आवाज मोठा केला. "आई? पोचले मी," मित्रा म्हणत होती. मागे कुकरचे झाकण आपटल्याचा आवाज आला. "केव्हाची पोचलेय. तुम्ही कुठे आहात?"

"नाक्यावर," वडील म्हणाले. "अडकलोय."

"अजून नाक्यावर? एवढा वेळ काय करता? बरं, घाई नका करू. बाबांचा हात सांभाळा. आणि उतरताना मागे बघून उतरा." तिने फोन ठेवला.

पुढचा टँकर थोडा हलला, पुन्हा थांबला. वडिलांनी बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला आणि थोड्या वेळाने, कोणाकडेच न पाहता विचारले, "गुरुवारचा क्लास पण याच वेळेला असतो ना?"

"तुला काय करायचंय?" आप्पा म्हणाले. "तिला ठाऊक आहे. निघेल ती."